स्किझोफ्रेनियात थेरपी: सुरुवात केव्हा करायची, सत्रात नेमकं काय होतं आणि घरच्यांनी काय करायचं

स्किझोफ्रेनिया असलेल्या घरात थेरपीबद्दल दोनच मतं ऐकू येतात. 'हा मेंदूचा आजार, गोळ्याच लागणार, नुसतं बोलून काय होतंय?' हे एक. 'गोळ्यांनी पोरगं गुंगीत असतं, त्यापेक्षा चांगला समुपदेशक बघा, बोलून मोकळं होईल' हे दुसरं. दोन्ही मतांपायी वर्षं वाया जातात. गोळ्यांनी भास आणि संशय ओसरतात. पण सुटलेलं कॉलेज, दुरावलेले मित्र, गल्लीत पाऊल टाकायची भीती आणि 'आपण कामातून गेलो' ही मनात बसलेली गाठ गोळीने सुटत नाही. दुसरीकडे, गोळी थांबवून नुसतं बोलत राहिलं तर आजार उलटण्याचा धोका फार मोठा असतो, आणि उलटलेला आजार परतीची वाट लांबवतो.

म्हणून इथे सांगितलेली सगळी थेरपी गोळ्या चालू ठेवून करायची आहे. महाराष्ट्रातल्या आधारगटांत रुग्णाला 'शुभार्थी' आणि सांभाळणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. हे शब्द कुणावर शिक्का मारत नाहीत, म्हणून पुढे तेच वापरले आहेत.

किती अपेक्षा ठेवायची

अ‍ॅरन बेक या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने १९५२ साली एका संशयग्रस्त रुग्णाशी पद्धतशीर बोलून केलेल्या उपचाराची नोंद प्रसिद्ध केली. पुढे ब्रिटनमध्ये या पद्धतीवर बरंच काम झालं आणि तिला सायकोसिससाठीची (भास-संशयात वास्तवाशी नातं तुटण्यासाठीची) सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं यांवर काम करणारी बोलण्याची थेरपी, असं नाव पडलं. ब्रिटनमध्ये उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या नाइस या संस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की प्रत्येक रुग्णाला एकास एक अशी किमान १६ सत्रं मिळावीत आणि कुटुंबासाठी ३ महिने ते १ वर्षात किमान १० सत्रं व्हावीत. हे आकडे लक्षात ठेवा, कारण आपल्याकडे तीन-चार सत्रांनंतर 'काही फरक नाही' म्हणून थेरपी सोडली जाते. तिसऱ्या-चौथ्या सत्रापर्यंत तर फक्त ओळख झालेली असते.

परिणाम चमत्काराचा नसतो. आवाज पूर्ण बंद होतीलच असं नाही. पण आवाज आला की अंगाला जो काटा येतो तो कमी होणं, दिवसातले चार तास त्यात जायचे तिथे अर्धा तास जाणं, बसने एकट्याने जाता येणं, हे साध्य आहे. थेरपीचं मोजमाप त्रास किती कमी झाला आणि आयुष्य किती हातात आलं, यावर करायचं.

पहिली पायरी: वेळ योग्य आहे का

माणूस तीन रात्री जागा आहे, एका जागी बसत नाही, बोलण्यात धागा नाही, अशा वेळी सत्र लावून उपयोग नसतो. तेव्हा मनोविकारतज्ज्ञ, औषध, झोप आणि सुरक्षितता एवढंच बघायचं. सुरुवातीला तीन साधे निकष पुरतात: रात्री सलग पाच-सहा तास झोप लागते का, समोरच्याशी १५ मिनिटं बसून बोलता येतं का, आणि स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचा तातडीचा धोका टळला आहे का. तिन्हींचं उत्तर हो असेल तर थेरपी सुरू करा. 'सगळे भास गेले की मग बघू' म्हणून थांबू नका. भास चालू असतानाच त्यांच्यासोबत कसं जगायचं हे शिकता येतं.

याच टप्प्यावर औषधांचे दुष्परिणाम नीट बघून घ्या. पाय सारखे हलणं, बसवेना होणं, येरझारा घालणं हे पुष्कळदा आजार वाढल्याचं लक्षण मानलं जातं आणि डोस वाढवून घेतला जातो. प्रत्यक्षात तो गोळीचाच परिणाम असू शकतो आणि डोस वाढला की तोही वाढतो. चेहरा मख्ख होणं, हात थरथरणं, लाळ गळणं, दुपारी बारापर्यंत न उठणं, वजन भराभर वाढणं, हे सगळं तारखेसह लिहून डॉक्टरांना दाखवा. ज्याला जागं राहता येत नाही त्याच्याकडून थेरपीत गृहपाठ होणार नाही.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण ती फारशी कुणी सांगत नाही. क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरचं औषध चालू असेल तर विडी-सिगारेट अचानक सोडणं डॉक्टरांना कळवल्याशिवाय करू नका. तंबाखूच्या धुरामुळे हे औषध शरीरात लवकर मोडतं. धूर थांबला की तोच डोस रक्तात चढतो, गुंगी आणि इतर त्रास वाढतात. धूम्रपान जरूर सोडावं, पण डोस बघून.

दुसरी पायरी: कुणाकडे जायचं

मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर असतात. निदान आणि औषध त्यांच्याकडे. थेरपी बहुधा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात. त्यांचं क्लिनिकल प्रशिक्षण झालेलं असतं आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. नोंदणी क्रमांक विचारण्यात अपमान कसला? मानसोपचार क्षेत्रातले समाजकार्यकर्ते, ज्यांना रुग्णालयात पीएसडब्ल्यू म्हणतात, ते कुटुंबासोबतचं काम आणि पुनर्वसन फार चांगलं करतात. 'समुपदेशक' ही पाटी मात्र सहा महिन्यांचा कोर्स केलेली व्यक्तीही लावू शकते. ताणतणावासाठी ती उत्तम असेल, पण भास-संशयाचा अनुभव नसेल तर इथे गडबड होते.

पहिल्या फोनवर चार प्रश्न विचारा. भास किंवा संशय असलेल्या किती जणांसोबत तुम्ही काम केलं आहे? आमच्या डॉक्टरांशी तुम्ही बोलाल का? घरच्यांसाठी वेगळी सत्रं घेता का? दोन सत्रांच्या मधे तब्येत बिघडली तर काय करायचं? चारही उत्तरं सरळ मिळाली तर पुढे जा. 'गोळ्या हळूहळू बंद करून टाकू' असं कुणी पहिल्याच भेटीत म्हणालं तर तिथे थांबा.

काही पद्धती या आजारात टाळायच्या. संमोहन, 'पूर्वजन्मात नेणं', बालपणीच्या जखमा पहिल्या महिन्यात उकरणं, राग बाहेर काढायला किंचाळायला लावणारी शिबिरं, आणि दहा-दहा दिवस मौन पाळून तासन्‌तास ध्यान. ज्याचं मन आतल्या आवाजांनी आधीच भरलं आहे त्याला आणखी आत ढकलणं धोक्याचं आहे. दहा-पंधरा मिनिटांचा संथ श्वास, हलका व्यायाम, फिरणं याला हरकत नाही.

खासगी फी परवडत नसेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे मानसोपचार विभाग, येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं, गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आणि जिल्हा रुग्णालयांतला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम हे मार्ग आहेत. सायकॉलॉजिस्ट जवळपास नसेल तरी दार बंद होत नाही. गोवा, सातारा आणि तमिळनाडूमध्ये झालेल्या एका चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले, गावपातळीवरच्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरी जाऊन गोळ्या, स्वच्छता, कामधंदा, कुटुंबाचं शिक्षण यांवर काम केलं. २८२ शुभार्थींपैकी ज्यांना नेहमीच्या उपचारांसोबत हे मिळालं त्यांची लक्षणं आणि अक्षमता काहीशी जास्त कमी झाली. फरक मध्यम होता, सगळीकडे सारखा नव्हता. पण असलं काम चार भिंतींबाहेर, साध्या माणसांच्या हातूनही होतं एवढं त्यातून दिसलं.

तिसरी पायरी: पहिली चार-पाच सत्रं

सुरुवातीची सत्रं २० ते ३० मिनिटांची, आठवड्यातून एकदा, शक्यतो सकाळी अकरानंतर. रात्रीच्या गोळीची झापड तोवर उतरलेली असते. खुर्च्या समोरासमोर न ठेवता किंचित तिरक्या ठेवलेल्या बऱ्या. रोखून बघणं संशयाला खतपाणी घालतं. दाराजवळची खुर्ची शुभार्थीला. थेरपिस्ट लिहून घेत असेल तर काय लिहिलं ते दाखवावं. घरच्यांना काय सांगितलं जाईल आणि काय नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवावं: जिवाला धोका असेल तेवढंच सांगू, बाकी विचारल्याशिवाय नाही.

या सत्रांत भ्रमाला, म्हणजे पुराव्यानेही न हलणाऱ्या खोट्या समजुतीला, हात लावायचा नाही. झोप, पैसे, जेवण, कंटाळा, कोणत्या गोष्टीचा सगळ्यात जास्त त्रास होतो, हे विषय. ध्येयही शुभार्थीच्या तोंडून यावं. 'मला मोबाइल दुरुस्तीचं काम शिकायचंय' किंवा 'बहिणीच्या लग्नात तासभर बसता यावं' हे ध्येय. 'तो शहाण्यासारखा वागावा' हे आई-वडिलांचं ध्येय, त्यावर थेरपी चालत नाही.

चौथ्या-पाचव्या सत्रात आजाराचा नकाशा मांडतात. जन्मतः असलेला नाजूकपणा आणि वरून पडलेला ताण, या दोन्हींची बेरीज एका मर्यादेबाहेर गेली की आजार उफाळतो, असं ते साधं चित्र. मग एका कागदावर क्रमाने: बारावीचं वर्ष, रात्रीचं जागरण, गांजा, हॉस्टेलवरची चेष्टा, पहिला आवाज. हे लिहिताना 'जागरण आणि ताण खूप झाला तर कुणालाही भास होऊ शकतात' हे वाक्य फार काम करतं. माणसाला आपण परग्रहावरचे नाही हे कळतं.

चौथी पायरी: संशयावर काम

घरोघर होणारी चूक अशी की भ्रम चुकीचा आहे हे पटवायला पुरावे द्यायचे. कॅमेरा नाही हे दाखवायला भिंतीवरचं घड्याळ खोललं जातं. त्यावर उत्तर मिळतं, 'आता काढून नेला असेल.' वाद जितका जोरात, तितकी पकड घट्ट, आणि बोलणारा 'त्यांच्यातला' ठरतो.

थेरपीत उलट्या बाजूने जातात. समजा, २४ वर्षांच्या एका मुलाला वाटतं की नाक्यावरचे सगळे लोक त्याच्याकडेच बघतात आणि त्याच्याबद्दल बोलतात. आधी विचारायचं, 'हे खरं आहे याची खात्री ० ते १०० मध्ये किती?' तो म्हणतो ९५. तो उरलेला ५ चा आकडा म्हणजे दाराची फट. 'हे ५ कमी कशामुळे?' एवढाच प्रश्न. 'एकदा एक जण खरंच मागच्या बसकडे बघत होता' असं काहीतरी त्याच्याच तोंडून येतं.

मग तीन रकान्यांचा कागद. पहिल्यात काय घडलं: 'किराणा दुकानात दोघं हसले.' दुसऱ्यात मनात काय आलं: 'माझ्यावरच हसले.' तिसऱ्यात काय वाटलं आणि काय केलं: 'छातीत धडधड, सामान न घेता परत आलो.' आठवडाभर अशा चार-पाच नोंदी पुरे. रोजची मागितली तर वही येतच नाही. पुढच्या सत्रात मधल्या रकान्यावर थांबायचं आणि हसण्याची आणखी किती कारणं असू शकतात ते लिहायचं, मोबाइलवरचा व्हिडिओ, आपसातली थट्टा, उधारीचा विषय. स्वतःचं कारण यादीतून काढायचं नाही. तेही राहू द्यायचं, फक्त ते एकटं नसावं. खात्रीचा आकडा पुन्हा विचारायचा. ९५ चा ८० झाला तर सत्र उत्तम झालं.

त्यानंतर प्रयोग. 'दुकानात गेलो की दहाच्या दहा जण माझ्याकडे बघतात' हा अंदाज आधी लिहून ठेवायचा. मान खाली घालून चालणं आणि टोपी ओढणं या सवयी त्या दहा मिनिटांपुरत्या सोडायच्या, कारण खाली बघणाऱ्याला कोण बघतंय हे कळत नाही आणि तसं चालणाऱ्याकडे लोक खरंच बघतात. सकाळी अकराला, गर्दी कमी असताना जायचं. तीन सेकंदांपेक्षा जास्त बघणारे मोजायचे. संख्या तिथेच मोबाइलमध्ये टिपायची, घरी येईपर्यंत आठवण बदलते.

प्रयोग फसतो तो ठराविक कारणांनी. आदल्या रात्री झोप झाली नसेल तर पुढे ढकला. पहिलाच प्रयोग सगळ्यात मोठ्या भीतीवर घेऊ नका. ज्याची खात्री ६०-७० आहे असा लहान संशय निवडा. निकाल काहीही आला तरी शिकायला मिळेल अशी मांडणी हवी, कारण आपल्याकडे नवख्या माणसाकडे लोक खरोखर बघतात आणि दहापैकी तिघं बघणारच. आणि थेरपिस्टने 'बघा, मी म्हटलं नव्हतं?' म्हणायचं नाही. 'गोळी बंद करून बघू काय होतं' हा प्रयोग कधीच नाही.

आवाज येत असतील तर

दोन आठवडे वही ठेवा: वेळ, ठिकाण, आवाज किती मोठा (० ते १०), काय म्हणाला, तेव्हा मी काय करत होतो, नंतर काय केलं. बहुतेकांच्या वहीत नमुना दिसतो. रिकामी दुपार, झोपण्याआधीचा एक तास, घरातलं भांडण, पंख्याची किंवा पंपाची घरघर. नमुना दिसला की अर्धं काम वेळापत्रकाचं असतं.

उपाय एकेक करून, प्रत्येक किमान तीन-चार दिवस वापरून, वहीत गुण देऊन ठरवायचे. गुणगुणणं किंवा मोठ्याने वाचणं पुष्कळांना उपयोगी पडतं. हरिपाठ असो की वर्तमानपत्र, ओठ आणि घसा कामात राहिला पाहिजे. एका कानात इअरफोन लावून बोलण्याचा कार्यक्रम ऐकणं, कुणाशी तरी बोलणं, थंड पाण्याने तोंड धुणं. बसमध्ये आवाजाला उत्तर देण्याची उबळ आली तर मोबाइल कानाला लावून बोलावं, लोक वळून बघत नाहीत. काहींना 'आत्ता नाही, संध्याकाळी सहाला बोलू' असं आवाजाला सांगून रोज १५ मिनिटंच ऐकण्याची पद्धत लागू पडते. नुसतं 'लक्ष देऊ नको' हा सल्ला मात्र निरुपयोगी आहे. कानात कुणी ओरडत असताना ते जमत नाही.

पुढचं काम आवाजाच्या सामर्थ्याचं. 'तो जे म्हणतो ते खरं होतं' असं वाटत असेल तर गेल्या महिन्यात त्याने काय-काय बजावलं आणि त्यातलं काय घडलं, याची यादी. आवाज हुकूम देत असेल तर थेट विचारायचं: काय करायला सांगतो? आजवर कधी ऐकलंस? न ऐकल्यास काय होईल असं वाटतं? आत्ता ते करण्याची इच्छा किती? विचारल्याने कल्पना डोक्यात शिरते हा समज खोटा आहे. हुकूम जिवावरचा असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

अंथरुणातून न उठणं

'आवाज गेले, पण आता नुसता पडून असतो. आळशी झालाय.' शुभंकरांची सगळ्यात मोठी तक्रार ही. इच्छाच न उगवणं, चेहऱ्यावर भाव न येणं, बोलणं आटणं, ही आजाराचीच लक्षणं आहेत आणि गोळ्यांचा त्यावर फारसा जोर चालत नाही. आधी दोन गोष्टी वगळून घ्या: औषधाची गुंगी आणि नैराश्य. दोन्हींवर वेगळा इलाज आहे.

नंतर पायऱ्या. तुम्हाला जेवढी पायरी योग्य वाटते तिच्या निम्मी घ्या. 'रोज आंघोळ' ही पायरी नव्हे. 'नऊ वाजता उठून तोंड धुणं आणि गॅलरीत चहा', आठवड्यातून चार दिवस, ही पायरी. ती दोन आठवडे टिकली की पुढची. प्रत्येक कृतीआधी 'यात किती बरं वाटेल' याला ० ते १० गुण आणि नंतर खरंच किती वाटलं याला गुण द्यायला लावा. अंदाज १ आणि प्रत्यक्ष ४ असं वारंवार वहीत दिसलं की मनातलं 'काही मजा नाही' हे गणित हलतं. एक दिवस चुकला तर त्याची चर्चा घरात करायची नाही. दुसऱ्या दिवशी चहा त्याच वेळी गॅलरीत ठेवायचा.

घरच्यांची सत्रं

लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्यानंतरच्या संशोधकांना दिसलं की रुग्णालयातून घरी गेल्यावर आजार उलटण्याचा घरातल्या बोलण्याशी संबंध आहे. तीन गोष्टी महागात पडतात: सतत टीका, दुस्वास आणि अति गुंतून पडणं. १९७६ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात अशा तणावाच्या घरात आठवड्याला ३५ तासांहून जास्त समोरासमोर राहणाऱ्यांचा धोका जास्त होता. याचा अर्थ आईवडिलांमुळे आजार झाला असा मुळीच नाही. अर्थ एवढाच की दिवसभर दोन खोल्यांत एकमेकांसमोर बसून राहणं दोघांनाही झेपत नाही. दुपारचे तीन-चार तास पुनर्वसन केंद्र, वाचनालय, दुकान, काहीही. आणि तेवढा वेळ आईलाही स्वतःसाठी.

अति गुंतणं आपल्याकडे मायेच्या रूपात येतं, म्हणून ओळखू येत नाही. २८ वर्षांच्या मुलाला आई घास भरवते, त्याच्या खोलीत झोपते, त्याच्या वतीने डॉक्टरांना उत्तरं देते. सत्रात या गोष्टी एकेक करून परत त्याच्या हातात द्यायच्या.

रोजच्या बोलण्याचा सराव सत्रात मोठ्याने करा. मुलगा म्हणतो, 'आई, या पाण्यात काहीतरी टाकलंय.' 'काहीही बरळू नकोस, मी तुझी आई आहे' हे चूक. 'हो रे, शेजारणीचंच काम असेल' हे त्याहून चूक. जमणारं उत्तर असं: 'तुला भीती वाटतेय, दिसतंय मला. मला पाण्यात काही दिसत नाही. पण अशी भीती वाटली की जीव घाबरा होत असणार. चल, दोघं मिळून माठातलं घेऊ.' भावना मान्य, भ्रमाला होकार नाही, वादही नाही. सांगणं एका वेळी एकच, लहान वाक्यात, टीव्ही बंद करून. तक्रार माणसाबद्दल नको, कृतीबद्दल हवी: 'तू घाणेरडा आहेस' ऐवजी 'अंथरुणावर ताट राहिलं की मला राग येतो, ते मोरीत ठेवशील का?'

दोन विषय प्रत्येक कुटुंबात निघतात. पहिला, चपातीत किंवा वरणात लपवून दिलेली गोळी. नाइलाजाने केलं जातं, समजतं. पण ज्याला आधीच अन्नात काही मिसळतात असं वाटतं, त्याला एक दिवस खरोखर गोळीचा चुरा सापडतो. त्या क्षणी भ्रम सिद्ध होतो, घरावरचा विश्वास जातो आणि थेरपी शून्यावर येते. रोजची गोळी जमत नसेल तर दोन-चार आठवड्यांनी घ्यायच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांशी आणि शुभार्थीशी उघडपणे बोला. दुसरा विषय लग्नाचा. 'लग्न केलं की सुधारेल' यावर ठामपणे नाही म्हणायला हवं. लग्न हा उपचार नाही. तब्येत दीर्घकाळ स्थिर असेल, शुभार्थीची स्वतःची इच्छा असेल आणि समोरच्याला आजार व गोळ्या स्पष्ट सांगितल्या असतील तरच पुढे जावं. लपवलेल्या आजारात लग्नाच्या गडबडीत गोळ्या थांबतात आणि काही आठवड्यांत दोन घरं कोसळतात.

देवऋषाकडे नेल्याची लाज बाळगू नका, पण थेरपिस्टला सांगा. नवस, पूजा यांनी धीर येत असेल तर त्यावरून भांडण नको; गोळी चालू राहिली पाहिजे. भूत काढण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा मात्र महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

आजार उलटू नये म्हणून एक कागद

सगळ्या थेरपीतून एकच वस्तू घरी न्यायची असेल तर ही. आजार उलटण्याआधी साधारण दोन ते चार आठवडे खुणा दिसू लागतात आणि प्रत्येकाच्या खुणा ठरलेल्या असतात. मागच्या वेळचा आठवडा न् आठवडा शुभार्थी आणि घरचे वेगवेगळे लिहितात, मग दोन्ही कागद जुळवतात. 'चिडचिड' असं मोघम लिहू नका. 'रात्री दोन वाजता कपाट आवरतो', 'फोनचं सिम काढून ठेवतो', 'चहा सोडतो', 'काळे कपडेच घालतो' असं लिहा.

मग कृती. दोन खुणा दोन दिवस टिकल्या तर काम-अभ्यास निम्मा, जागरण बंद, गोळ्या मोजून बघणं. सलग दोन रात्री चार तासांहून कमी झोप झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. डोस किती वाढवायचा हे डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेलं असेल तर फारच उत्तम. कागदावर गोळ्यांची नावं आणि डोस, ज्या औषधाने पूर्वी त्रास झाला ते, शुभार्थीचा ज्याच्यावर विश्वास आहे त्या माणसाचा नंबर, आणि १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा चोवीस तास चालणारा मोफत क्रमांक. तीन प्रती: फ्रिजवर नको, कपाटात, पाकिटात, डॉक्टरांच्या फाइलमध्ये.

कॅलेंडर समोर घेऊन पुढच्या सहा महिन्यांतल्या जागरणाच्या रात्री आधीच ठरवा. गणपतीची मिरवणूक, नवरात्राचा जागर, घरातली हळद, नोकरीतली रात्रपाळी. 'जायचं, पण साडेदहाला परत' असं ठरवता येतं. उपवासात गोळी चुकवायची नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, जो २९ मे २०१८ पासून लागू आहे, सज्ञान व्यक्तीला बरं असतानाच पुढचे निर्देश लिहून ठेवण्याचा आणि आपला प्रतिनिधी नेमण्याचा हक्क देतो. कोणते उपचार चालतील, कोणते नकोत, माझ्या वतीने कोण बोलेल. हे थेरपीच्या एका सत्रात बसून लिहिण्यासारखं आहे.

जिवाचा धोका

आत्महत्येचा धोका भ्रमाच्या ऐन भरातच असतो असं नाही. भ्रम ओसरून 'माझ्या आयुष्याचं काय झालं' हे लख्ख दिसू लागतं, रुग्णालयातून नुकतंच घरी आलेलं असतं, तेव्हाही तो मोठा असतो. घरच्यांना वाटतं, आता बरा झाला. अशा वेळी स्पष्ट विचारा, 'जगणं नको असं वाटतंय का? काही ठरवलंयस का?' गोळ्या आठवड्याच्या मापाने काढून बाकी कुलपात ठेवा, शेतावरची कीटकनाशकं घराबाहेर कुलूपबंद करा, एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसारच आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं; पोलिसांच्या भीतीने उशीर करू नका.

बायपोलर असेल तर

बायपोलर म्हणजे मनाला कधी तेजीत (अति उत्साहात), कधी खोल उदासीत नेणारा आजार. त्यात बरंच काही हेच, पण भर वेगळा. तिथे थेरपीचा कणा म्हणजे झोपेची, जेवणाची आणि कामाची वेळ घड्याळाला बांधणं, सुट्टीतसुद्धा. तेजीची पहिली खूण बहुधा कमी झोपूनही ताजंतवानं वाटणं असते, आणि ती कुणाला आजार वाटत नाही. लिथियम हे मनाचे चढउतार आवरणारं औषध चालू असेल तर निर्जळी उपवास, उन्हातला घाम, जुलाब आणि मेडिकलमधून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या यांनी रक्तातलं प्रमाण धोकादायक वाढू शकतं; हे थेरपिस्टनेही विचारत राहावं.

काम चाललंय की नाही

दर चार सत्रांनी चार आकडे लिहा: त्रास ० ते १०, आठवड्यात घराबाहेर गेलेले दिवस, चुकलेल्या गोळ्या, झोपेचे तास. आठ सत्रांत एकही आकडा हलला नाही तर थेरपिस्टशी उघड बोला. ध्येय बदलायचं, वेग कमी करायचा की माणूस बदलायचा. प्रत्येक सत्रानंतर दोन-तीन दिवस झोप उडत असेल तर विषय जड होतोय, सत्र लहान करा. सत्रं चुकू लागली तर रागावण्याआधी कारण बघा: बस बदलावी लागते, वाट बघायच्या खोलीत गर्दी असते, किंवा आवाजाने जाऊ नको म्हणून बजावलेलं असतं.

थेरपी एकदम थांबवायची नाही. आठवड्याची पंधरवड्यावर, मग महिन्यावर. त्यानंतर तीन जादा भेटी, १, ३ आणि ६ महिन्यांनी, आणि त्यांच्या तारखा शेवटच्या नियमित सत्रातच वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यायच्या.